सुराची वाट पाहू नको

हिउमा बेटावर जानेवारीत साडेतीनलाच अंधारतं.
माइनहार्डनं दार उघडलं ते हातात पोस्टकार्ड धरूनच:
टोरांटोहून आलेलं, मागं बहिणीचं अक्षर,
आणि मधोमध शेपटीवाला 'ए' असलेला एक पत्ता,
जो पोस्टमनलाही कळला नव्हता.

कॉम्प्युटर फिनलंडच्या कुठल्याशा शाळेतून उतरलेला,
पाठीवर अजून 'खोली क्रमांक चौदा'चं लेबल.
"आधी रेडिएटरला हात लावा," मी म्हटलं,
"लोकरीच्या स्वेटरात वीज लपून बसते."
त्यानं लावले. दोन्ही हात. बराच वेळ.
थंडीही होती म्हणा.

झाकण काढलं तर आत धूळ, खडूची वाटावी अशी पांढरी.
मागची पट्टी वाकवून मोडली,
कार्डाचे सोनेरी दात खाचेवर टेकवले, अंगठ्यांनी दाबलं.
करकरलं.
माइनहार्डनं डोळे मिटून घेतले,
जसा काही त्याचाच दात बसवतेय.

मग माउस मेला.
म्हणजे मोडेम जागा झाला की बाण पडद्यावर गोठायचा,
मोडेम झोपला की पुन्हा चालायला लागायचा.
दोघांना एकच घंटा दिलीय, मी समजावलं,
वाजली की कुणी उठायचं ते ठरत नाही.
"कळलं," त्यानं भिंतीकडे हनुवटी उडवली.
"पलीकडच्या सालमेची आणि माझी तार एकच आहे,
बहात्तर सालापासून. ती बोलत असली की मी मुका."
मग तुम्ही काय करता?
"काही नाही. आम्ही बोलत नाही."

जंपर म्हणजे जिऱ्याएवढं टोपडं.
चिमट्यानं उचललं, शेजारच्या दोन टाचण्यांना घातलं,
चारच्या जागी पाच.
माउस उठून बसला.

पण तार गप्प.
'डायलटोन नाही,' पडदा म्हणायचा,
आणि रिसीव्हर कानाला लावावा तर सूर होता की!
जुना, कण्हल्यासारखा,
सोव्हिएत एक्स्चेंजनं जाताना मागं ठेवलेला.
कार्ड तैवानचं. असला सूर त्यानं जन्मात ऐकला नव्हता.
ते बिचारं ओळखीच्या सुरासाठी थांबायचं
आणि थांबून थांबून मान टाकायचं.

या दुखण्याला एक ओळ पुरते:
एटी, मग एक्स, मग तीन.
"अर्थ काय याचा?"
सुराची वाट पाहू नको, नंबर फिरव.
माइनहार्ड हसला नाही.
"चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात," तो म्हणाला,
"हिल्येला नावेत बसवताना मी म्हटलं होतं,
सगळं शांत झालं की येतोच मागून."

आणखी एक अक्षर: टी खोडून पी,
कारण हे एक्स्चेंज गाणं ऐकत नाही, फक्त मोजतं.
टक टक टक. टक. टक टक टक टक टक.
मग ती किंचाळी, ती खरखर, तो वाळूचा लोट,
आणि एकदम शांतता, जिला जोडणी म्हणतात.

दार धडधडलं.
"माझा फोन मेलाय!" बुटांना बर्फ, हातात काठी, सालमे.
कुणी उत्तर दिलं नाही.
पडद्यावर एका बोटानं लिहिलेलं होतं:
'प्रिय हिल्ये, समुद्र गोठलाय'
आणि गाडी तिथंच अडलेली.
सालमेनं चष्मा शोधला. वाचलं. नावाशी थांबली.
"लिही," ती म्हणाली,
"तिचा डावा बूट चिखलात रुतला होता, तो माझ्याकडे आहे.
तो काढायला मी मागं वळले, आणि नाव सुटली."

बूट या शब्दातली अक्षरं माइनहार्डला सापडेनात.
मिनिटामिनिटाचे पैसे चढत होते. मी काही बोलले नाही.

परतीच्या फेरीत खिशात एक स्क्रू हाताला लागला,
खोली क्रमांक चौदाचा.